पापणीचं बटण

१२ जानेवारी

भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही ते न फोडताच बाजूला टाकाल, म्हणून मागे ठळक लिहिलंय, 'फक्त तांत्रिक शंका'. घरगुती विषय काढणार नाही, शब्द देते. नऊ वर्षं काढला नाही, तो आता कशाला काढू?

तर शंका अशी. छापखान्यातलं मुद्रितं तपासायचं काम मी सोडलं. दिवसभर घरीच असते. वेळ घालवायला कुणी वीणकाम करतं, कुणी कुंड्या लावतं. मला इलेक्ट्रॉनिक्स शिकावंसं वाटतंय. हसू नका. तुम्हा दोघा भावांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान खाली आणि माझं स्वयंपाकघर वर, अशी इतकी वर्षं काढली, पण रेझिस्टर म्हणजे काय हे विचारायचं कधी सुचलं नाही. आता सुचलंय.

काल एका दुकानात गेले होते. 'नवशिक्यांसाठी' असं लिहिलेला अख्खा कप्पा आहे. एका खोक्यात निळा बोर्ड, बारके दिवे, तारांचा जुडगा आणि भोकाभोकांची पांढरी पट्टी. दुसऱ्यात अंगठ्याएवढा बोर्ड, तो स्वस्त आणि म्हणे वायफायसकट. तिसरा म्हणजे बोर्ड नाहीच, छोटासा कॉम्प्युटर आहे, असं विक्रेती म्हणाली. चौथा मुलांचा, त्यातले तुकडे लोहचुंबकाने एकमेकांना चिकटतात. "कुणासाठी हवंय, वय काय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बासष्ट." ती हसली, तिला वाटलं मी थट्टा करतेय. मी अठ्ठावन्नची आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. घाईत दुसराच आकडा तोंडून गेला.

यातला कुठला घेऊ? अट एकच, शिकायला फार वेळ लागता कामा नये.

उत्तर पत्रानेच पाठवा. फोनवर बोललेलं आमच्या घरात सगळीकडे ऐकू जातं. हे बरे आहेत.

– वहिनी


१ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. पाच ओळी. वर 'वहिनी' नाही, खाली सही नाही. पण पाचही ओळी कामाच्या. निळाच बोर्ड घ्या, तो चुका सोसतो. अंगठ्याएवढा चांगला आहे पण त्याला कमी व्होल्ट लागतात, नवशिक्या जास्त देतो आणि तो मरतो. छोट्या कॉम्प्युटरला कार्ड, पडदा, सगळा लवाजमा लागतो. लोहचुंबकवाला नको, त्यात खोक्यात दिलंय तेवढंच करता येतं. आणि सोल्डर करायच्या भानगडीत सध्या पडू नका.

निळा आणला. पहिला आठवडा रडकुंडीला आले. लॅपटॉप बोर्डाला ओळखच दाखवेना. तारा बदलल्या, बोर्ड उलटासुलटा केला, शेवटी ती दुकानातली विक्रेती म्हणाली, "काकू, ही केबल नुसती चार्जिंगची आहे. हिच्यातून वीज जाते, बोलणं जात नाही." बघा, केबलमध्येही असे प्रकार असतात.

मग दिवा. रेझिस्टर न लावताच जोडला, एकदा झगझगीत पेटला आणि गेला. दुसरा उलटा जोडला, तो पेटलाच नाही. हे समोर पलंगावरून बघत होते. मी दिव्याचे पाय उलटे घातले की यांनी डोळे घट्ट मिटायचे. लालपिवळे झाले असतील मनातून! उघडले की मी पुन्हा प्रयत्न करायची, पुन्हा मिटायचे. चौथ्या वेळी मिटले नाहीत तेव्हा कळलं की जमलं. दिवा लुकलुकायला लागला. एक सेकंद चालू, एक सेकंद बंद. आम्ही दोघं कितीतरी वेळ बघत बसलो.

तुम्ही विचाराल की तोंडाने सांगायला काय झालं होतं यांना. स्वभाव तुम्हाला माहीत आहे, मौन धरलं की धरलं.

आता शंका. संचातलं बटण फार कडक आहे. अगदी हलक्या हाताने, म्हणजे हाताने सुद्धा नाही, अंगठ्याच्या नुसत्या टेकण्याने दबेल असं बटण कुठलं?

– वहिनी


२४ फेब्रुवारी

भाऊजी,

लांब पात्याचं बटण तुम्ही सांगितलंत तसं आणलं. उत्तम आहे, पीस टेकवलं तरी वाजतं. दहा दिवस छान चाललं. आता त्याच्याहून हलकं हवंय. स्पर्शानेच चालतात असे चपटे तुकडे मिळतात ना, ज्यांना दाबावं लागतच नाही? तसा तुकडा ह्याच बोर्डाला चालेल का?

तुम्ही शेवटी लिहिलंय, 'अंगठा कुणाचा आहे?' महिन्यापूर्वी विचारलं असतंत तर रागावले असते, आज बरं वाटलं. पण उत्तर पुढच्या पत्रात. आधी त्या तुकड्याचं सांगा. घाई आहे.

– वहिनी


१९ मार्च

भाऊजी,

स्पर्शाचा तुकडा आला तेव्हा अंगठा थांबला होता.

आता लपवून काय करू. अंगठा तुमच्या दादाचा. गेल्या पावसाळ्याच्या आधी हातातून स्क्रूड्रायव्हर निसटायला लागला. आम्ही म्हटलं, वय झालं. मग बरणीचं झाकण उघडेना, मग शर्टाची बटणं लागेनात, मग जीभ जड झाली. नसा आणि स्नायूंचं दुखणं आहे, त्याचं नाव लांबलचक आहे आणि औषध नाही. डोकं शाबूत, कान शाबूत, डोळे शाबूत. बाकीचं एकेक करून बंद होत जातं. डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा यांना अजून थोडं बोलता येत होतं. म्हणाले, "म्हणजे पिक्चर ट्यूब चालू, बाकी सगळा सेट गेला." डॉक्टरांना कळलं नाही. मी हसले, मग जिन्यात जाऊन बसले.

आता वाचा पूर्ण गेली आहे. पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. दिवसभर मी विचारायचं, तहान लागली का, कूस बदलू का, पंखा लावू का. मी विचारीन तेवढंच यांना बोलता येतं. जे मी विचारत नाही ते आत राहतं. बोलायची तयार यंत्रं उपचार केंद्राकडून उसनी मिळतात, पण त्यासाठी नंबर लावावा लागतो, आणि आमच्या पुढे पुष्कळ जण आहेत.

म्हणून ही खेळणी. हो, मुद्दामच तो शब्द लिहिला. नऊ वर्षांपूर्वी, दुकानात मुलांसाठी हे संच ठेवू या असं तुम्ही म्हणालात आणि "मला खेळण्यांचं दुकान थाटायचं नाही" असं हे ओरडले. तुम्ही ॲप्रन काढून काउंटरवर ठेवलात आणि गेलात. आज त्याच काउंटरवर माझा पसारा आहे, वर आणून पलंगाशेजारी लावलाय.

मी तुम्हाला लिहिते हे यांना माहीत नाही. तुमची पत्रं मी पिठाच्या डब्यामागे ठेवते. फोन नको म्हटलं ते एवढ्यासाठी.

आता फक्त पापणी उरली आहे, भाऊजी. पापणीवर चालेल असं बटण असतं का? लवकर कळवा. बटण मिळेपर्यंत अंगठा गेला, तसं दुसऱ्यांदा नको.

– वहिनी


१४ एप्रिल

भाऊजी,

या वेळी दोन पानं लिहिलीत. आकृतीसुद्धा. दादाबद्दल एक अक्षर नाही, पण आकृतीतल्या चष्म्याची काडी यांच्या जुन्या चष्म्यासारखीच वाकडी काढली आहे, ते मी ओळखलं.

सांगितलंत तसं केलं. चष्म्याच्या फ्रेमला तो बारका सेन्सर बसवला. डोळ्यावर न दिसणारा उजेड पडतो, पापणी मिटली की जास्त परततो, आणि बोर्डाला कळतं. उजेड अगदी मंद ठेवलाय, तुम्ही लिहिलेल्या रेझिस्टरपेक्षाही एक पायरी वरचा घातलाय. साधी उघडझाप सोडून द्यायची आणि पापणी सेकंदभर मिटलेली राहिली तरच धरायची, हे प्रोग्रॅममध्ये घालायला मला नऊ दिवस लागले. तुम्ही लिहिलेली ओळ मी उतरवताना एक अर्धविराम गाळला होता. मी! जिने आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्धविराम पकडले.

संचातल्या पडद्यावर मराठी उमटत नाही, म्हणून पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिली. सात ओळी, सात रकाने, पहिल्या घरात 'अ'. प्रत्येक ओळीच्या आणि रकान्याच्या टोकाला एक दिवा. दिवा वरून खाली सरकतो, हव्या त्या ओळीवर यांनी पापणी मिटायची, मग दिवा आडवा सरकतो, हव्या त्या अक्षरावर पुन्हा मिटायची. घराचा आकडा लॅपटॉपवर उमटतो आणि मी पाटीवर अक्षर लिहिते. काना-मात्रांना जागा नाही, त्या मी मनाने लावायच्या.

काल पहिल्यांदा पूर्ण चाललं. पाच महिन्यांनी हा माणूस बोलणार होता. मी खुर्ची ओढून पाटी घेऊन बसले. दिवा सरकला. व. मग य. मग र.

वायर.

मी इकडेतिकडे बघितलं. बोर्डाची एक तार पट्टीतून निम्मी बाहेर आली होती. पाच महिने आत कोंडलेला माणूस पहिलं काय बोलला, तर माझी वायर सैल आहे. मी इतकी हसले की हसता हसता काय झालं ते मलाच कळलं नाही. यांचे डोळेही ओले होते. पण पाणी आल्यावर सेन्सर चुकतो, म्हणून आधी ते पुसले.

– वहिनी


११ मे

भाऊजी,

आज लिहिते ते शांतपणे वाचा.

श्वासाचे स्नायू थकलेत. फेब्रुवारीतच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की पुढे गळ्याला भोक पाडून मशीन जोडावं लागेल, मग हे वर्षानुवर्षं राहू शकतात, पण एकदा जोडलं की ते काढणं सोपं नसतं. हवं की नको, हे यांनीच सांगायला हवं. तेव्हा यांनी पापणी दोनदा मिटली होती. मी बाईंना सांगितलं, यांच्या पापण्यांचा भरवसा नाही, थकल्या की आपोआप मिटतात. मी यंत्र बनवतेय, त्यावर नीट विचारू. त्या म्हणाल्या, थांबू थोडं.

तर मी एवढी धावपळ कशासाठी करत होते ते आता तुम्हाला कळलं. मला वाटायचं, एकदा बोलता यायला लागलं की राहावंसं वाटेल.

काल बाई आल्या. पलंगाजवळ बसल्या, सगळं पुन्हा एकदा सांगितलं, आणि विचारलं, "मशीन लावायचं का?" दिवा सरकायला लागला. न. पुन्हा वरून खाली. क. आणि थांबले.

मी पाटी बाईंच्या पुढे धरली आणि म्हटलं, "नक्की म्हणतायत."

भाऊजी, 'नक' ही दोनच अक्षरं. वर मात्रा दिली तर नको, जोड दिला तर नक्की. मी जोड दिला. माझा आवाज बदलला नाही. इतकी वर्षं मुद्रितं तपासली, संशय आला तर मूळ प्रत बघायची, हे मीच नव्या मुलींना शिकवायची. मूळ प्रत समोर पडून माझ्याकडे बघत होती.

बाई काही लिहून घेणार तेवढ्यात दिवा पुन्हा सरकायला लागला. प. र.

पुरे.

त्याचं दुसरं काही करता येईना. बाईंनी तरीही खात्रीसाठी विचारलं, "मशीन नको, असं म्हणताय?" पापणी एकदा मिटली. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला तो झटकावासा वाटला.

ज्या दिवशी यंत्र नव्हतं त्या दिवशी मला न ऐकल्यासारखं करता येत होतं. ते मीच बनवलं आणि ती सोय गेली. तुम्ही काढलेली आकृती अचूक होती, तुमची काही चूक नाही.

बाई म्हणाल्या, आता आठवडे म्हणायचे.

यायचं असलं तर या. मी यांना विचारलेलं नाही. मी माझ्याकडून लिहितेय.

– वहिनी


६ जून

भाऊजी,

तुमच्या पत्रात पहिल्यांदा वर 'वहिनी' होतं. मी ते तिथेच दोनदा वाचलं. 'दादाला विचारा, मी येऊ का. तो हो म्हणाला तर निघतो.' तुम्ही दोघं अगदी एका साच्यातले आहात. माझ्या बोलावण्यावर निघता आलं नसतं का?

पण विचारायचं म्हणालात, म्हणून विचारलं. पिठाच्या डब्यामागची सगळी पत्रं आणून यांच्या समोर बसले आणि एकेक वाचून दाखवलं. रेझिस्टरचे आकडेसुद्धा. चष्म्याची आकृती डोळ्यांपुढे धरली. हे ती खूप वेळ बघत होते. मला वाटलं, झालं, वितळले. मग शेवटचं पत्र वाचलं.

त्या दिवशी मी यंत्र चालूच ठेवलं. दिवा सगळ्या पुठ्ठ्यावरून फिरत राहिला, शेवटी मीच बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंग पुसून झाल्यावर डोळे पुठ्ठ्याकडे वळवले. मी दिवा लावला. य. ऊ. न. क.

या वेळी ते 'नक' दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने वाचायचा प्रयत्न मीही केला नाही. "का?" विचारलं. यांनी डोळे मिटून घेतले, आणि ते बोलण्यासाठी मिटलेले नव्हते.

राग असेल असं मला वाटत नाही. हाडांवर कातडं उरलंय, नाकातून नळी आहे, लाळ मला टिपावी लागते. धाकट्या भावाने ते बघावं असं वाटत नसेल. पण हा माझा अंदाज. यांनी अंदाज दिला नाही, चार अक्षरं दिली.

हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले. 'दादा बोलावतोय, निघा' एवढं लिहून टाकणं सोपं होतं. तुम्ही आला असतात, यांना काही बोलायच्या आत समोर उभे राहिला असतात. एक कागद तसा लिहिलाही आणि फाडला. यांचं बोलणं जसंच्या तसं बाहेर यावं म्हणून हे सगळं जोडलं. एकदा खोटा जोड देऊन झाला. पुन्हा देववत नाही.

तर दादाने 'येऊ नको' म्हटलंय. मी तसं म्हटलेलं नाही.

– वहिनी


९ जुलै

भाऊजी,

तार करण्याचे दिवस गेले, आणि फोन तुम्ही उचलला नाहीत. मंगळवारी दुपारी हे गेले.

वेदना नव्हत्या असं घरी येणाऱ्या सिस्टर म्हणाल्या. झोप वाढत गेली होती. सकाळी पाटीवर 'खिडकी' झालं, मी उघडली. नंतर काही मागितलं नाही. दुपारी मी गच्चीवर चादरी वाळत घालायला गेले. दिवा चालूच होता, चष्मा डोळ्यांवर होता. खाली आले तेव्हा दिवा फिरत होता आणि हे नव्हते. चष्मा तेवढा काढला, पण सिस्टर येईपर्यंत मी दिवा बंदही केला नाही.

तुम्ही आला नाहीत. यांनी येऊ नको म्हटलं आणि तुम्ही ऐकलंत. जन्मात पहिल्यांदा दादाचं ऐकलंत, तेही हे.

एक शंका आहे. तांत्रिकच आहे.

मी गच्चीवर असताना लॅपटॉपवर सहा आकडे उमटलेत. घरं लावून बघितली तर अक्षरं अशी येतात : स, ग, म, अ, अ, अ. 'सांग' होतं. 'सांग म' म्हणजे 'सांग मला'? की 'सांगू'? कुणाला सांगायचं? मी रात्रंदिवस ती सहा अक्षरं लावून बघतेय. आकड्यांच्या शेजारी वेळही उमटते, ती सोबत उतरवून पाठवतेय, आणि प्रोग्रॅमही. सेन्सर आपोआप असं करू शकतो का, की हे बोलले? तुम्हाला बघताच कळेल.

– वहिनी


२ ऑगस्ट

भाऊजी,

उत्तर मिळालं. पुन्हा पाच ओळी.

पापण्या जड होऊन अर्धवट मिटल्या की सेन्सर त्याला मिटलेलं समजतो, आणि दिवा त्या क्षणी जिथे असेल ते घर धरतो. पहिल्या तिन्ही अक्षरांमधला वेळ बघता ती निवडलेली वाटत नाहीत. पुढे पापणी उघडलीच नाही, म्हणून प्रत्येक फेरीत पहिलंच घर, अ. 'हा दादा नाही, वहिनी. हा सेन्सर आहे.'

बरोबरच असणार. तुमचं या कामात चुकत नाही.

त्या 'अ'चं मला आधीच उमजलं होतं. पण 'स ग म' तेवढं सोडता आलं असतं, भाऊजी. 'ही तीन त्याची असावीत' असं लिहिलं असतंत तर मी ते तपासायला कुठे जाणार होते? जूनमध्ये मी तुम्हाला खरं लिहिलं, तेव्हा तुमच्या घरी ते पत्र कसं वाचलं गेलं असेल याचा विचार केला नव्हता. आता माझ्याच घरात करता येतो.

दुकानातली विक्रेती परवा भेटली. "काकू, आता पुढे काय बनवताय?" म्हणाली. तिला काही माहीत नाही. मी म्हटलं, बघते.

पुठ्ठा, चष्मा, बोर्ड, सगळं आहे तिथेच आहे. लॅपटॉपवर आकडे उमटतात ती चौकट बंद केली की ते पुसले जातात, मागे काही उरत नाही, असं त्या विक्रेतीनेच सांगितलं. सेन्सरचे तर सेन्सरचे. चौकट उघडीच ठेवली आहे. रोज सकाळी उठले की आधी लॅपटॉप चार्जिंगला लावते, मग चहा ठेवते.

– वहिनी